लेकीच्या घरचं पाणी

मालक पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझे हात हुंगले.

दारात चपला काढल्या, नमस्कार केला, आणि मी "बसा" म्हणायच्या आत म्हणाले, "बाई, हात पुढं कर." पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर लाल चौकड्यांचा रुमाल. असा माणूस हात मागतो म्हणजे भविष्यच सांगणार, असं धरून मी उजवा तळहात पसरला. त्यांनी तो सरळ नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग डावा नेला. "लसूण. फिनेल न्हाई, तंबाखू न्हाई. चालंल." नातवंडं झालेली, साठीला टेकलेली बाई मी. परका पुरुष हात हुंगतो म्हटल्यावर ओरडायला हवं होतं. मी लाजले. खोटं कशाला सांगू, आत जाऊन आरशातही बघून आले.

याला आता दहा-अकरा वर्षं झाली. तेव्हाची मी आज माझ्या दारात आली तर तिला ओसरीवरच बसवीन, आत घेणार नाही.

मालकांचं नाव सांगत नाही. जिल्हाभर त्यांना मालकच म्हणत, आणि कशाचे मालक हे सांगावं लागत नसे. बदनापूरच्या पुढे रेल्वेच्या रुळाला लागून त्यांचा मळा. घराणं जुनं, जमीन भरपूर, पण कापूस-मोसंबी भावांच्या स्वाधीन करून हे गृहस्थ विलायती कुत्री वाढवायचे. लॅब्राडोर. आमच्या मराठवाड्याच्या उन्हात! कुत्र्यांच्या खोल्यांना कूलर, आणि मालक स्वतः लिंबाखाली बाजेवर पडून रुमालानं वारा घेत.

आमचं घर भोकरदनला, बसस्टँडच्या मागच्या कॉलनीत. मुलगा-सून संभाजीनगरला गेली, दोघी मुली पुण्याला, आणि नवरा शाळेतून रिटायर होऊन घरात बसला. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही इथं गुरुजीच म्हणते. रिकामं घर सोसतं, रिकामा नवरा सोसत नाही. त्यातच समोरच्या इंजिनियरनं एक पांढरं झिपरं कुत्रं आणलं आणि त्याची बायको रोज संध्याकाळी ते घेऊन माझ्या फाटकावरून मिरवायला लागली. माझी झोप उडाली. माझ्या दारात त्याहून थोराड, त्याहून विलायती काहीतरी असावं, एवढीच माझी प्राणिदया होती. कुणीतरी म्हणालं, बदनापूरचे मालक चांगल्या घरी कुत्री देतात, तेही फुकट. फुकट शब्द ऐकल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही.

पुढचं असं होतं. आमच्याकडे शेळी बटईनं देतात. शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा, आणि होणारी पिल्लं निम्मी-निम्मी. मालक कुत्री अशीच देत, फक्त त्यांची बटई वेगळी होती. घरात कुत्री आपण सांभाळायची, लाड आपण करायचे, पण तिची पिल्लं सगळी मालकांची.

"अन् आमचं काय?" गुरुजींनी विचारलं.

"तीन वेतं माझी," मालक म्हणाले. "मंग राणीसाहेब तुमच्या. बिलकुल तुमच्या."

"मळ्यात काय जागा कमी आहे का?"

"गुरुजी, मळ्यात वाढलेलं जनावर मळ्यासारखं होतं. घरात वाढलेल्या आईची लेकरं घरात टिकतात. तिला मिक्सरचा आवाज पाह्यजे, टीव्ही पाह्यजे, नवरा-बायकोची भांडणं पाह्यजेत. भांडता का तुम्ही?"

"भांडतो की!" मी घाईनं म्हणाले. न जाणो, नाही म्हटल्यावर कुत्री द्यायची नाही.

ही राणीसाहेब म्हणजे कुत्री. मालक माणसांना अरे-तुरे करत आणि कुत्र्यांना अहो-जाहो. तहसीलदाराला "ए साहेब, तिकडं सर" म्हणणारा हा माणूस जीपच्या मागच्या दाराशी वाकून म्हणत होता, "या राणीसाहेब, उतरा. पायरी उंच आहे, जपून." आणि ती उतरली. पिकल्या गव्हाच्या रंगाची, कपाळ रुंद, डोळ्यांत आत्ताच कुणीतरी समजूत घातल्यासारखा भाव. सगळं घर एकदा फिरून आली आणि गुरुजींच्या पायांवर हनुवटी ठेवून झोपली. पस्तीस वर्षं पोरांवर छडी चालवलेला माणूस संध्याकाळपर्यंत पाय न हलवता बसून राहिला.

मालकांनी जाताना बजावलं, नाव बदलायचं नाही. रक्त बोलतं, नावानं काय होतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग नाव बदललं तर काय बिघडतं हे त्यांना कुणी विचारत नसे. मी त्यांची जीप कोपऱ्यावर वळायच्या आत तिचं नाव शेवंती ठेवलं. ती दोन्ही नावांना ओ द्यायची. बायकांना दोन नावांची सवय असतेच.

ते निघायच्या आधी मी चहा टाकला होता. मालकांनी कप हातानं दूर सारला. "पाणी तरी घ्या," मी तांब्या पुढे केला.

"बाई, लेकीच्या घरचं पाणी मी पीत न्हाई."

आमच्यात जुन्या लोकांत ही रीत होती. मुलगी दिली त्या घरचं पाणीसुद्धा बाप पीत नसे. माझ्या वडिलांनी पाळली होती. जिल्ह्यात मालकांच्या अशा लेकी बऱ्याच घरी दिलेल्या. राजूरला एक, जाफराबादला एक, जालन्यात दोन-तीन. भर उन्हात जीप घेऊन सगळ्यांची ख्यालीखुशाली घेत फिरायचे आणि पाण्याची बाटली स्वतःची बाळगायचे. मला इतकं भरून आलं! मी सगळ्या कॉलनीत सांगत सुटले, माणूस बघा, कुत्रीला लेक मानतो. इंजिनियरची बायको म्हणाली, "काकू, आमचं तर दुकानातून आणलंय." मी म्हणाले, "तेच तर. आमची दिलेली आहे."

मालक महिन्यातून एकदा येत. हॉर्न दोनदा, तुटक. शेवंतीला तो हॉर्न बसस्टँडवरून ऐकू येई. ती जी झेप घ्यायची! मग मालक फाटकातच जमिनीवर बसत, धोतराची पर्वा न करता, आणि तिचे कान उघडून, दात बघून, पोटाखाली हात घालून सावकाश तपासत. "आपण जेवलात का? झोप लागते का? ही बाई त्रास तर देत न्हाई ना?" आणि शेवंती त्यांच्या तोंडावर तोंड ठेवून डोळे मिटे. मी उभी. मला कुणी काही विचारत नसे. एकदा मी तिला तूप लावून पोळी घातल्याचं त्यांना तिच्या तोंडाच्या वासावरून कळलं. "तुला तुझा नवरा मारायचा असंल तर मार," म्हणाले, "माझ्या राणीसाहेबांना का मारून राह्यली?" आणि मला तेही गोड वाटलं. एवढी काळजी माझी कुणी केली नव्हती, आणि ही तरी कुठं माझी होती!

त्यांचं सगळंच कठोर होतं असं नाही. एकदा आम्ही त्यांच्या जीपमधून राजूरच्या गणपतीला गेलो. शेवंतीला सोबत घेतलेलं. पायऱ्यांशी आल्यावर मालक थांबले. "तुम्ही जा आत. आम्ही इथूनच बघतो." गर्दीत, नारळवाल्यांच्या छत्र्यांमध्ये, तो माणूस तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि दोघांनी कळसाकडे तोंड केलं. आम्ही दर्शन घेऊन आलो तरी ते तसेच. "आत या की दोन मिनिटं, मी धरते हिला," मी म्हणाले. "जिथं हिला जाता येत न्हाई तिथं मला काय काम?" ते म्हणाले. या वाक्यावर मी पुढे वर्षभर जगले. आज वाटतं, माणसानं एकच चांगलं वाक्य बोलावं आणि त्याच्या सावलीत वाटेल ते करावं, ही मोठी कला आहे.

पहिल्यांदा शेवंती माजावर आली तेव्हा मालकांना फोन केला. ते "स्थळ पाह्यलंय" म्हणाले आणि घेऊन गेले. परत आणली. पोट दिसायला लागलं तसं पुन्हा नेली. "पहिलं बाळंतपण माहेरी," म्हणाले. बरोबरच होतं. पाणी न पिणारे ते, म्हणजे माहेर त्यांचं. मी डिंकाचे लाडू करून डबा दिला. मालकांनी एक लाडू हुंगला. "डिंक चांगला आहे," म्हणाले आणि डबा ड्रायव्हरला देऊन टाकला.

पिल्लं सुटी झाल्यावर शेवंती परत आली ती अर्धी होऊन. बरगड्या मोजाव्यात अशा, पोटाखाली सगळं लोंबलेलं. मी कॉलनीला पेढे वाटले. खरंच वाटले. आणि घरात ही बया कोपरा न् कोपरा हुंगत फिरत होती. पलंगाखाली, कपाटामागे, धान्याच्या कोठीपाशी. मग एक दिवस गुरुजींचे मोजे सापडेनात. शोधलं तर तिच्या गोणपाटावर सगळे गोळा केलेले, आणि ती त्यांच्याभोवती अंगाचा वळसा घालून एकेक मोजा चाटत पडलेली. गुरुजी मोजा घ्यायला वाकले तर गुरगुरली नाही. फक्त त्यांच्याकडे बघितलं. ते तसेच बिनमोज्यांचे बूट घालून पेन्शनरांच्या बैठकीला गेले. आल्यावर मला म्हणाले, "हे काही खरं नाही."

मी म्हणाले, "तुम्हाला आईपण काय कळतं?"

हे मी म्हणाले. तीन बाळंतपणं झालेली बाई.

दुसऱ्या वेळी मोज्यांसोबत माझा लोकरीचा गुंडाही गेला. पण मी मनाशी पक्कं धरून होते, आता एकच राहिलं. तीन वेतं झाली की शेवंती आपली. तिसऱ्यांदा गेली आणि आली, की फाटकाला आतून कडी. मालकांना चहा द्यायचा, आणि तेव्हा ते पितील, कारण लेक तेव्हा त्यांची राहिलेली नसेल. असा माझा हिशोब. मला त्यांनी तो चहा प्यायलाही हवा होता आणि लेक सोडायलाही हवी होती. दोन्ही.

तिसऱ्या वेळी नेण्याचा दिवस ठरला आणि माझ्या डोक्यात आलं, शेवंतीचं डोहाळजेवण करू. शेवटचं बाळंतपण, होऊन जाऊ दे. शेजारची शकू माझी जिवाची मैत्रीण. तिनं ऐकताच पदर खोचला. कॉलनीतल्या बायका जमल्या. जिनं पांढरं झिपरं मिरवलं ती इंजिनियरची बायकोसुद्धा, हातात मोगऱ्याचा गजरा घेऊन. शेवंतीला चौरंगावर बसवलं. बसली हो ती! गळ्यात गजरा, कपाळाला कुंकू, समोर रांगोळी. गाणी झाली. आम्ही हसून हसून वेड्या झालो होतो, आणि मधेच कुणीतरी डोळे पुसायचं. गुरुजी आतल्या खोलीत दार लावून बसले होते.

आणि मी ओटी भरायला घेतली. हिरवा खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. पण भरणार कशात? तिला पदर कुठला? आम्ही पुन्हा हसायला लागलो, तेवढ्यात हॉर्न वाजला. दोनदा, तुटक.

मालक फाटकात उभे राहिले. सगळं बघितलं. मला वाटलं, आता रागावतील, गजरा ओढून काढतील. ते आत आले, खांद्यावरचा लाल चौकड्यांचा रुमाल काढला, चौरंगापाशी गुडघे टेकले आणि तो रुमाल दोन्ही हातांवर पसरला.

"घाल बाई," म्हणाले. "राणीसाहेबांचा पदर."

अंगणातलं हसू थांबलं. मी ओंजळीनं पाच वेळा तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. मालकांनी रुमाल कपाळाला लावला आणि चारही टोकं बांधली. शकू हुंदके देत होती. मी तर देतच होते. इतकं सुंदर दृश्य माझ्या तिन्ही बाळंतपणांत कुणी घडवलं नव्हतं. मग त्यांनी शेवंतीला दोन्ही हातांनी उचलून जीपमध्ये ठेवलं, आणि मी रस्त्याच्या वळणापर्यंत हात हलवत राहिले.

पिल्लं सुटी व्हायची वेळ होऊन गेली. मी फोन केला. "येईन," म्हणाले. पुन्हा केला. "जल्दी काय आहे?" मग उचलायचेच बंद झाले. शेवटी गुरुजी, मी आणि शकू बदनापूरला गेलो. शकूला मी साक्षीला नेलं होतं. काय बुद्धी! पुढच्या सात पिढ्यांना पुरेल.

मालक बाजेवर बसले होते आणि शेवंती त्यांच्या पायांशी. मला बघून आली, अंगावर उडी मारली, माझं तोंड चाटलं. जवळून आगगाडी धडधडत गेली, कुणी मान वळवली नाही.

मी म्हणाले, "मालक, तीन वेतं झाली. आता शेवंती द्या."

"कोण शेवंती?"

"राणीसाहेब."

मालकांनी रुमाल झटकला, तोच रुमाल, आणि शकूकडे वळले. "ए बाई, तू त्या दिवशी होती ना तिथं?"

"होते की," शकू म्हणाली.

"राणीसाहेबांची ओटी कुणी भरली?"

"हिनं भरली."

"अन् घेतली कुणी?"

"तुम्ही घेतली. ह्याच रुमालात."

"मंग आपल्यात ओटी भरून लेक पाठवली, म्हंजे ती कुणाच्या घरची झाली?"

आणि शकूनं, माझ्या जिवाच्या मैत्रिणीनं, पाठ केलेल्या पाढ्यासारखं उत्तर दिलं, "ज्यानं नेली त्याच्या घरची."

बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली. पण बोलून झालं होतं.

"आत्तापर्यंत माहेर मी होतो," मालक शांतपणे म्हणाले. "त्या दिवशी तू झालीस. चार सवाष्णींसमोर. मी काय मागितलं होतं का? तूच दिली. आता लेक काय कायमची माहेरी ऱ्हाते का, बाई?"

हे वाक्य मला नवं नव्हतं. वडील गेल्यावर वाटणीच्या वेळी थोरल्या भावानं हेच, असंच मायेनं ऐकवलं होतं. आणि तेव्हाही निघताना भावजयीनं ओटी भरली होती.

गुरुजींना राहवलं नाही. "अहो मालक, काय लावलंय हे? कुत्री आहे ती! कुत्रीची कसली ओटी अन् कसलं सासर?"

मालकांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं परीक्षेत कॉपी करणाऱ्याकडे गुरुजी बघत असतील. "हे तुम्ही म्हणालात, गुरुजी. आता सांगा, जिथं तिला कुत्री म्हणतात त्या घरी मी तिला कशी पाठवू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की हो, कुत्रीच आहे, खेळ केला आम्ही, चार बायका हसलो-रडलो, त्याला अर्थ नाही. हे म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. पण शेवंती माझ्या पायाला अंग घासत उभी होती. तिच्यादेखत मला ते म्हणवलं नाही. आणि खरं सांगायचं तर तो खेळ नव्हताच. ओंजळीतले तांदूळ घालताना मी मनोभावे घातले होते. मालकांना ते कळलं होतं. हात हुंगणारा माणूस तो, त्याला काय नाही कळणार?

परतीच्या बसमध्ये शकू रडत होती. मी तिला म्हणाले, "गप. तू खरं तेच बोललीस." जालन्याच्या स्टँडवर उतरल्यावर गुरुजी म्हणाले, "मोजे घ्यायचे आहेत मला." आधीचे त्यांनी तिच्या गोणपाटावरून कधी उचललेच नव्हते.

"माहेरचं माणूस आहेस, कधीबी येत जा," असं मालक म्हणाले होते. मी दोन दिवाळ्या गेले. दोन्ही वेळा तिच्या पोटाखाली पिल्लं होती. तिसऱ्या दिवाळीला गेले नाही.

मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, हॉर्न वाजला. दोनदा, तुटक. मालक काठी टेकत उतरले. वाळले होते. जीपचं मागचं दार त्यांनी उघडलं, पण "या, उतरा" म्हणाले नाहीत. ड्रायव्हरनं पुढे होऊन तिला खाली ठेवलं. तोंड पांढरं झालेलं, एक डोळा दुधाळ, मागचे पाय फाकलेले. तिनं अंगण हुंगलं, फाटक हुंगलं, माझा पाय हुंगला आणि शेपूट हळूच एकदा हलवली.

"ही घे," मालक म्हणाले. "आता गाभ ठरत न्हाई तिला. तुला पाह्यजे होती ना?"

मी त्या 'ही'कडे बघत राहिले.

मालक ओसरीवर टेकले, रुमालानं मान पुसली. "लई ऊन आहे. पाणी दे, बाई."

मी आत गेले. माठातलं पाणी तांब्यात ओतलं. तांब्या भरून सांडायला लागला तरी मला कळलं नाही. बाहेर आणून दिला. त्यांनी मान मागे टाकली आणि वरून धार धरून, ओठ न लावता, सगळा तांब्या संपवला. मग मिशा पुसल्या.

"गार आहे," म्हणाले. "चांगलं आहे तुझ्या घरचं पाणी. उगाच इतकी वर्षं प्यालो न्हाई."

ते उठले तशी शेवंतीही उठली. फाकलेल्या पायांनी जीपपर्यंत गेली आणि मागच्या दाराशी उभी राहिली. तिला आता उडी मारता येत नव्हती, म्हणून ती कुणी उचलून ठेवायची वाट बघत होती. ड्रायव्हरनं मालकांकडे बघितलं. मालक पुढं बसले होते. जीप गेली. ती तिथंच, रस्त्यात, रिकाम्या जागेसमोर उभी राहिली. शेवटी गुरुजी गेले, खाली वाकले, "या राणीसाहेब" म्हणाले आणि तिला उचलून आणलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी या माणसाकडे तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं असेन.

गेल्या महिन्यात मालक गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला. हो, त्यांना एक सख्खी मुलगी होती, जालन्यात दिलेली. आम्हाला ते त्या फोनवरूनच कळलं. मी आणि गुरुजी मळ्यावर गेलो. कुत्र्यांच्या खोल्या रिकाम्या होत्या, कूलर उलटे करून ठेवलेले. बाजेशेजारच्या खुंटीवर लाल चौकड्यांचा रुमाल होता. मी तो हातात घेऊन बघितला, आणि परत लटकावला.

"बाबा माझ्याकडं यायचे," मुलगी सांगत होती. "आले की चहा प्यायचे, पोहे खायचे, ताक प्यायचे. कधी कधी माझं नाव विसरायचे बघा. पण कुत्र्यांची सगळी नावं तोंडपाठ." ती आत जाऊन पाणी घेऊन आली. "घ्या काकू, उन्हाच्या आल्या."

गुरुजींनी पेला घेतला. मी म्हणाले, "मला नको."

"अहो, घोटभर तरी घ्या."

"नको गं. ह्या घरी आमची लेक दिली होती."

तिला काही कळलं नाही. ती पेला हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. गुरुजींनी आपला पेला, तोंड न लावता, हळूच खाली ठेवला.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. शेवंती गोणपाटावरून सावकाश उठून आली. तिनं माझा उजवा हात हुंगला, मग डावा. बराच वेळ हुंगत राहिली. मग फाटकापाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसली.

"नाही येणार आता कुणी," मी सांगितलं. "चल आत."

तिनं कान हलवला. तिचं पाण्याचं भांडं मी धुतलं, माठातल्या पाण्यानं भरलं आणि फाटकापाशी तिच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. अंधार पडेपर्यंत ती तिथं बसून होती. पाण्याला तिनं तोंड लावलं नाही.